कडेवरचं नाव

पत्र:

नमस्कार. पाच-सहा वर्षांपासून मी जुनी लष्करी पदकं आणि बिल्ले जमवतो. गेल्या वर्षी एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून पहिल्या महायुद्धातली दोन पदकं घेतली. एक चांदीचं, एक ब्राँझचं. दोन्हींच्या कडेवर एकच नंबर, 'सिपॉय' हा हुद्दा, एकच नाव आणि '११४ मराठाज' ही पलटण आहे. सोबत खांद्याचा एक पितळी बिल्ला मिळाला, त्यावर '५ मराठा' आहे. व्यापारी म्हणाला, हा शिपाई कूतच्या वेढ्यात होता आणि तिथंच गेला. ताऱ्याच्या आकाराचं तिसरं पदक होतं, ते हरवलं.

मी तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर नाव टाकलं. तीन महिन्यांनी घर सापडलं. घरात त्याची नातसून आहे, सत्तरीच्या पुढची, आणि तिची नववीत शिकणारी नात. आजींनी ट्रंकेतून एक फोटो आणि डिस्चार्जचा कागद काढला. नंबर तोच निघाला. पण कागदावर भरती ऑगस्ट १९१६ ची आहे आणि सुटका १९२० ची. म्हणजे तो कूतला मेला नव्हता, साधा शिपाई म्हणून घरी परत आला होता. आजी म्हणाल्या, "पदकंबी हुती. बहात्तरच्या दुष्काळात गेली." त्या वेळी पदकं माझ्या पिशवीत होती. मी बोललो नाही. इतिहासाचा अभ्यास करतो एवढंच सांगितलं, चहा घेतला आणि निघून आलो.

माझे प्रश्न: तिसरं पदक घेऊन संच पूर्ण करू का? एकाकडे १९१४-१५ चा तारा आहे, मागचं नाव घासलेलं आहे, तो म्हणतो हवं ते नाव घालून देतो. पदकं काळी पडली आहेत, उजळून घेऊ का? परदेशातला एक संग्राहक या जोडीला चांगली रक्कम देतो आहे, देऊ का? आणि त्या घरी सांगावं का, की पदकं माझ्याकडे आहेत? त्या दिवसापासून कपाट उघडलं की मला बरं वाटत नाही.
— एक संग्राहक

उत्तर:

नमस्कार. आधी व्यापाऱ्याची गोष्ट निकालात काढू, कारण तुमचे निम्मे प्रश्न तिच्यावरच उभे आहेत.

मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कूत-अल-अमाराला अडकली ती ब्रिटिशांच्या हिंदी फौजेची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. डिसेंबर १९१५ मध्ये वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली आणि सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. उपासमारीनं खंगलेल्या त्या माणसांना उन्हातून पायी हाकत नेलं. कितीतरी वाटेत मेली, कितीतरी पुढे रेल्वेच्या कामावर. ११४ वी पलटण त्या वेढ्यात नव्हती. तीही मेसोपोटेमियातच होती, पण युफ्रेटिस नदीच्या बाजूला. आणि तुमचा शिपाई तर भरतीच झाला शरणागतीनंतर चौथ्या महिन्यात. एकीकडे पलटणीचा आकडा आणि दुसरीकडे भरतीची तारीख, दोन्ही पुरावे एकच सांगतात. कूतची गोष्ट त्याची नाही.

व्यापारी मुद्दाम खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्यानं ती कुणाकडून तरी ऐकली असेल. पण या धंद्यात कूत, गॅलिपोली, न्यूव्ह शॅपेल ही गाजलेल्या लढायांची नावं भाव वाढवतात, म्हणून ती पदकांना येऊन चिकटतात. पदकाबरोबर मिळालेली गोष्ट ही विकणाऱ्याची असते. शिपायाची गोष्ट कडेवर असते आणि कागदात असते. तुम्ही कागद शोधलात, तीन महिने थांबलात, घरापर्यंत गेलात. संग्राहक म्हणून हे काम पक्कं झालं आहे. फार थोडे लोक एवढं करतात.

पत्रात एका ठिकाणी मात्र मी अडखळलो. 'साधा शिपाई म्हणून घरी परत आला.' त्या वाक्यात तुमचा हिरमोड दिसतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून १० लाखांहून अधिक माणसं समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार मेली. मेसोपोटेमियात गोळीइतकीच पटकी, मलेरिया आणि उष्माघातानं माणसं गेली. त्यातून एक माणूस जिवंत गावाच्या वेशीत परत आला, त्याला मुलं झाली, म्हणून तर आज ती ट्रंक उघडणाऱ्या आजी आहेत. तो मेला असता तर तुमच्या कपाटातली वस्तू जास्त मोलाची ठरली असती, असं मनात आलं असेल तर तो विचार आजच सोडून द्या. बाजारात मेलेल्या शिपायाच्या पदकाला जास्त पैसे मिळतात हे खरं आहे. ते मोजमाप आपण घरी आणू नये.

आता ताऱ्याचं. १९१४ चा तारा मिळाला तो ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स-बेल्जियमच्या भूमीवर असलेल्यांना. १९१४-१५ चा तारा मिळाला तो ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत कुठल्याही रणभूमीवर पोचलेल्यांना. त्यानंतर गेलेल्यांना दोनच पदकं: चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि ब्राँझचं व्हिक्टरी मेडल. तुमचा माणूस १९१६ च्या ऑगस्टमध्ये भरती झाला. त्याला तारा मिळणं शक्यच नव्हतं. तिसरं पदक हरवलं नाही, ते कधी नव्हतंच. तुमचा संच पूर्ण आहे आणि तो घेतलात त्या दिवसापासून पूर्ण होता.

आणि तो घासलेला तारा. ताऱ्याला कड नसते, म्हणून नाव पाठीमागे ठोकलेलं असतं. कुणीतरी कानस घेऊन ते काढलं आहे. तिथं एका माणसाचं नाव होतं, जो तुमच्या शिपायाच्या आधी गेला, कदाचित खरोखरच कूतला होता. आता तो कोण हे कुणालाच कळणार नाही. त्या जागी तुमच्या शिपायाचं नाव घालायचं म्हणजे एकाचं नाव पुसलं ते पुसलं, वर दुसऱ्याच्या नावानं खोटं लिहायचं. मी असा तारा हातात धरून पाहिला आहे. तिरप्या उजेडात धरला की घासलेल्या भागात खळगा दिसतो, आणि कुठेतरी एखाद्या अक्षराचा पाय राहून गेलेला असतो. त्याला नाही म्हणा, आणि नाव घालून देणाऱ्याकडून पुढे काहीच घेऊ नका. जो तुमच्यासाठी नाव घालतो तो इतरांसाठीही घालत असणार.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले, म्हणून सांगतो की तुमची जोडी मला अस्सल वाटते. कडेवरची अक्षरं ठशानं ठोकलेली आहेत. ठोकलेल्या अक्षराच्या काठाशी धातू किंचित वर सरकलेला दिसतो. सुईनं कोरलेल्या अक्षरात धातू निघून गेलेला असतो आणि रेषेच्या टोकाला निमुळता ओरखडा राहतो. दहापट भिंगातून हा फरक एकदा पाहिलात की पुन्हा विसरणार नाही. चांदीच्या पदकाचा वरचा सरळ दांडा फिरत नाही ना, हे हातानं तपासा. तो पक्का बसवलेला असायला हवा. मग व्हर्नियर कॅलिपर घ्या. पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर. चार-पाच ठिकाणी मोजा, नाव आहे तिथं आणि नाव नाही तिथंही. जुनं नाव घासून नवं ठोकलेलं असेल तर त्या जागी माप कमी भरतं. मुळावरून साचा काढून ओतलेली नक्कल असेल तर सगळीकडेच किंचित कमी भरते आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात.

बिल्ल्याबद्दल थोडक्यात. १९२२ मध्ये मराठ्यांच्या जुन्या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. १०३ ची पहिली बटालियन झाली, ११७ ची पाचवी, आणि तुमची ११४ ही दहावी, प्रशिक्षणाची. म्हणजे '५ मराठा' लिहिलेला बिल्ला १९२२ च्या आधीचा असू शकत नाही, आणि तुमचा शिपाई १९२० लाच घरी आला होता. बिल्ला खरा असेल, पण त्याचा नाही. त्याला वेगळ्या पाकिटात ठेवा. बिल्ले, बटणं, टोपीची चिन्हं यांच्यावर माणसाचं नाव नसतं, म्हणून 'अमक्याच्या टोपीवरचा' असं कुणी म्हटलं तर कागद किंवा फोटो मागायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिशांच्या ताऱ्यांचंही तसंच. ते बहुतेक बिननावाचे वाटले गेले. एखाद्या बिननावाच्या ताऱ्याबरोबर इटलीतल्या लढाईची मोठी हकिगत मिळाली तर ती हकिगत पूर्णपणे कागदावर अवलंबून आहे, हे लक्षात ठेवा.

नावाला मी एवढं का धरून बसतो ते सांगतो. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबरीचा पत्ता नसलेल्या माणसांसाठी बसऱ्याला एक स्मारक आहे, १९२९ मध्ये उभं राहिलेलं. ४० हजारांहून अधिक माणसांची आठवण तिथं ठेवली आहे. त्या भिंतींवर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. पण साध्या हिंदी शिपायांची नावं कोरली नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे नुसता आकडा. ही असमानता राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगानं २०२१ मध्ये आपल्या अहवालात कबूल केली आहे. फ्रान्समधल्या न्यूव्ह शॅपेलच्या स्मारकावर हिंदी शिपायांची नावं आहेत, दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक आहेत. बसऱ्याला साधा हिंदी शिपाई एक संख्या होऊन राहिला. आपल्याकडच्या गावोगावी बसवलेल्या संगमरवरी पाट्यांवरही बहुधा एवढंच असतं की या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले.

आणि त्याच सरकारच्या टांकसाळीनं त्याच शिपायांच्या पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकून पाठवली. दगडावर जागा मिळाली नाही त्यांचं नाव या तीन मिलिमीटरच्या कडेवर आहे. तुमचा माणूस वाचला, तो कुठल्याच भिंतीवर असण्याचं कारण नव्हतं. म्हणजे त्याच्या बाबतीत तर ही कड आणि तो ट्रंकेतला कागद, एवढंच आहे.

म्हणून पदकं उजळू नका. पितांबरी नको, चिंच नको, राख नको, सराफाकडचं पॉलिशही नको. चांदीवर आलेला काळा थर तिला इजा करत नाही. घासणं इजा करतं, आणि घासताना सगळ्यात आधी उंच भाग झिजतात: राजाचं नाक, घोडेस्वाराचा गुडघा. आणि कडेवरची अक्षरं पुसट होतात. वीस वर्षांपूर्वी मी एक व्हिक्टरी मेडल घरी आणून लखलखीत केलं. आधीच्या मालकांनीही ते वर्षानुवर्षं घासलेलं होतं. माझ्या घासण्यानंतर नंबरातला शेवटचा आकडा ३ आहे की ८ हे सांगता येईना. पुढे त्या पलटणीच्या यादीत त्याच नावाचे दोघे सापडले. एकाचा नंबर ३ वर संपत होता, दुसऱ्याचा ८ वर. ते पदक कुणाचं हे मला आजही ठरवता आलेलं नाही, आणि त्याला मी जबाबदार आहे.

हिंदी पलटणींतल्या नावांची ही अडचण कायमची आहे. बापाचं नाव बहुतेक वेळा नसतं. इंग्रज कारकुनानं जसं ऐकलं तसं लिहिलं, म्हणून एकच जाधव तीन तऱ्हांनी सापडतो. नंबरही साऱ्या सैन्याचा नसून पलटणीपुरता असायचा, म्हणजे १०३ मधला २४०० आणि ११४ मधला २४०० ही दोन वेगळी माणसं. नंबर, नाव आणि पलटण तिन्ही जुळली तरच माणूस जुळला. तुमची तिन्ही जुळली आहेत. म्हणून ती अक्षरं जपा.

ठेवायचं कसं? दोन्ही पदकं आम्लविरहित कागदात वेगवेगळी गुंडाळा. रबरबँड लावू नका, रबरातल्या गंधकानं चांदीवर काळा पट्टा उमटतो. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षं ठेवू नका, त्याचा चिकट अंश धातूवर उतरतो. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती अधूनमधून बदला. फिती विरल्या असल्या तरी काढून टाकू नका. हाताळताना बोटं कडेवर टेकवू नका, सुती हातमोजे घाला.

आता नोंद. तुमच्या पदकांबरोबर एक कार्ड असायला हवं आणि त्यावर कुठली माहिती कुठून आली हे वेगवेगळं लिहायला हवं. मी असं लिहीन: 'कडेवर: नंबर, सिपॉय, नाव, ११४ मराठाज. कागदावर, कुटुंबाकडे पाहिला, अमुक तारखेला: भरती ऑगस्ट १९१६, सुटका १९२०. कुटुंब सांगतं: पदकं १९७२ च्या दुष्काळात घरातून गेली. विक्रेता सांगत होता: कूतच्या वेढ्यात मृत्यू. कागदाशी जुळत नाही.' विक्रेत्याची गोष्ट खोडून टाकू नका. खोटी ठरलेली माहितीही लिहून ठेवली, तर तीस वर्षांनी तीच गोष्ट कुणी पुन्हा नव्यानं सांगू लागला की उत्तर तयार असतं.

मोह पडेल तो पुढच्या पायरीचा. ऑक्टोबर १९१८ मध्ये मोसुलच्या दक्षिणेला शरकातची लढाई झाली, ३० तारखेला तुर्की फौज शरण आली, त्याच दिवशी मुद्रोस बंदरात तुर्कांबरोबरच्या युद्धबंदीच्या करारावर सह्या झाल्या. ११४ मराठाज त्या लढाईत होती आणि पलटणीला शौर्याबद्दल अनेक सन्मान मिळाले. तुमचा माणूस तेव्हा नोकरीत होता. पण तो त्या दिवशी पलटणीबरोबर होता, की बसऱ्याच्या इस्पितळात तापानं पडला होता, की कुठल्या डेपोत पहारा देत होता, हे पदक सांगत नाही. त्या डिस्चार्जच्या कागदाची मागची बाजू पाहिलीत का? तिथं बरेचदा नोंदी असतात. नसेल काही, तर कार्डावर फक्त 'पलटण शरकातला होती' एवढंच लिहा. 'तो होता' असं लिहू नका. कूतची एक खोटी गोष्ट काढून शरकातची दुसरी लावून देऊ नका.

परदेशातल्या माणसाला नकार कळवा. एक तर १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. ऐतिहासिक मोलाची, १०० वर्षं पूर्ण झालेली वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि ही पदकं १९१९ नंतरच्या काही वर्षांत घडवलेली, म्हणजे शंभरीला पोचलेली. एखादी वस्तू त्या व्याख्येत बसते की नाही हे ठरवणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं काम आहे, तुमचं किंवा कुरिअरवाल्याचं नाही. दुसरं असं की ज्या पदकांच्या माणसाचं घर दोन तासांवर आहे, ती सातासमुद्रापार पाठवायची वेळच येऊ नये. त्यांचा माणूस एकदा समुद्रापार जाऊन परत आलेला आहे.

आता त्या पिशवीबद्दल.

तुम्ही गप्प बसलात याचं कारण तुम्हाला माहीत आहे. ती परत मागतील ही भीती. त्या क्षणी ती कुणालाही वाटली असती. तुम्ही चोरी केलेली नाही, पैसे मोजून घेतलीत, कायद्यानं ती तुमची आहेत. पण आजींनी तुम्हाला ट्रंक उघडून दाखवली. त्यांच्याकडे जे होतं ते सगळं त्यांनी समोर ठेवलं, आणि तुमच्याकडे जे होतं ते पिशवीत राहिलं. तुम्हाला बरं वाटत नाही ते यामुळेच. तो कागद त्यांनी दाखवला नसता तर तुमच्या कार्डावर आजही 'कूत, मृत्यू' असंच राहिलं असतं.

माझं स्पष्ट मत: जा, सांगा, आणि पदकं परत देऊ करा. फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून तर मुळीच नको. आधी कबूल करा की मागच्या वेळी ती माझ्याजवळ होती आणि मी बोललो नाही. कारणं देत बसू नका. मग ठरवण्याचा हक्क त्यांना द्या.

पैशाचं आधी मनाशी ठरवून जा. तुम्ही दिलेली रक्कम त्यांना परवडणारी असेल आणि त्या स्वतःहून देऊ म्हणाल्या, तर घ्यायला हरकत नाही. त्याहून एक रुपयाही जास्त नको, आणि पदकं पुढे करताना रकमेचा विषय तुम्ही काढायचा नाही. दुष्काळात मोडीत गेलेली वस्तू त्या घराला पुन्हा विकत घ्यायला लावणं मला योग्य वाटत नाही. तुमची ऐपत असेल तर तशीच द्या. पदकांच्या बदल्यात फोटो किंवा कागद मागू नका. त्यांची परवानगी असेल तर दोन्हींचे चांगले फोटो काढा, एक प्रत त्यांना मोठी करून द्या, एक तुमच्याकडे ठेवा. ते कागद आणि ती पदकं एका घरात असणं, हीच त्यांची योग्य जागा आहे.

कदाचित त्या म्हणतील, "तुमच्याकडंच राहू द्या, तुम्ही नीट ठेवाल." असं बरेचदा होतं. घर गळकं असतं, मुलं शहरात असतात, जपायचं कसं ही चिंता असते. तसं झालं तर तुमच्या कार्डावर कुटुंबाचं नाव लिहा आणि त्या घराला एक चिठ्ठी द्या: ही पदकं कधीही विकायची वेळ आली तर आधी तुम्हाला विचारीन, माझ्यानंतर ती तुमच्याकडे येतील. तुमच्या घरच्यांनाही हे सांगून ठेवा, नाहीतर तुमच्या माघारी चांदीचं एकीकडे आणि ब्राँझचं दुसरीकडे जाईल. १९७९-८० मध्ये चांदीचा भाव भडकला तेव्हा ब्रिटिश वॉर मेडलं ढिगानं वितळवली गेली. म्हणूनच आज एकट्या व्हिक्टरी मेडलं एवढ्या दिसतात. ब्राँझला कुणी भट्टीत घातलं नाही, चांदीला घातलं. ती जोडी शंभर वर्षं, एक दुष्काळ आणि एक चांदीची तेजी सोसून एकत्र राहिली आहे.

तिसरी शक्यता, की घेतील आणि पुन्हा विकतील. तेही होऊ शकतं. त्यांच्या घरातल्या माणसाची वस्तू आहे, त्यांच्या गरजा त्यांना माहीत. तुम्ही फक्त एवढं सांगा की विकायची झाली तर दोन्ही एकत्र आणि कागदाच्या झेरॉक्ससकट विका, आणि मला आधी हाक मारा.

जाताना दोन्ही पदकं स्वच्छ सुती कापडात न्या, जशी आहेत तशी काळी. भिंग न्या. आजींच्या हातात आधी चांदीचं द्या, ते जड असतं, हाताला कळतं. नाव कुठं आहे ते बोटानं दाखवू नका, पदक उजेडाकडे हळूहळू फिरवा म्हणजे कडेवरची अक्षरं सावलीत उठून दिसतील. ती इंग्रजीत आहेत. वाचायचं काम नववीतल्या त्या मुलीला सांगा, आणि तिनं पहिलं अक्षर उच्चारल्यापासून शेवटचं संपेपर्यंत तुम्ही काही बोलू नका.